विश्लेषण : ना आरसी बुक, ना स्वतःचा नंबर... जुन्या कॅराव्हॅनचा इतिहास कसा शोधतात?

चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना ठेवलेला ट्रेलरही कित्येक वर्षे नजरेआड राहू शकतो. मग एखाद्या कुटुंबाच्या सहलीच्या कॅराव्हॅनचा माग कसा काढायचा? चॅसिस, पत्रा, दिवे आणि जुने फोटो यांतून वय कसे कळते, आणि घाईने केलेल्या डागडुजीत नेमके काय हरवते, याविषयी...

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मॅरियन या छोट्या गावातील मत्स्यबीज केंद्रात २००७ मध्ये एक जुना, चंदेरी ट्रेलर सापडला. तो साधासुधा नव्हता. नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘अपोलो १२’ मोहिमेवरून परतलेल्या तिघा अंतराळवीरांना याच ट्रेलरमध्ये विलगीकरणात ठेवण्यात आले होते. चंद्रावरून एखादा अज्ञात जंतू पृथ्वीवर येऊ नये म्हणून ‘नासा’ने असे चार ट्रेलर तयार करून घेतले होते. त्यांचा सांगाडा ‘एअरस्ट्रीम’ या प्रसिद्ध कॅराव्हॅन कंपनीचा होता. ‘अपोलो १४’नंतर विलगीकरणाची पद्धतच बंद झाली, ट्रेलरचे काम संपले आणि त्यातील हा एक नजरेआड झाला. आज तो हंट्सव्हिलच्या अंतराळ संग्रहालयात आहे.

ज्या वस्तूची नोंद ‘नासा’सारख्या संस्थेकडे होती, तिची ही गत. सामान्य कुटुंबांनी सुट्टीसाठी घेतलेल्या, चार-पाच हातांतून फिरलेल्या आणि शेवटी एखाद्या शेताच्या कडेला उभ्या राहिलेल्या कॅराव्हॅनचा इतिहास शोधणे म्हणूनच गुप्तहेराच्या कामासारखे असते. ब्रिटन आणि अमेरिकेत हा छंद जोपासणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्या पद्धती समजून घेतल्या, तर कोणत्याही जुन्या यंत्राकडे पाहण्याची नजर बदलते.

कॅराव्हॅन नेमके कशाला म्हणतात?

मूळ शब्द फारसी ‘कारवान’, म्हणजे आपला कारवाँ किंवा काफिला. आपल्याकडे कॅराव्हॅन म्हटले की स्वयंपाकघर आणि बिछाने असलेली व्हॅन किंवा बस डोळ्यांपुढे येते. तिला स्वतःचे इंजिन असते. ब्रिटनमध्ये मात्र कॅराव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यायचे चाकांवरचे घर. इंजिनवाल्या प्रकाराला तिथे मोटरहोम किंवा कॅम्परव्हॅन म्हणतात. अमेरिकेत ओढायच्या प्रकाराला ट्रॅव्हल ट्रेलर हे नाव आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण इतिहास शोधण्यातली सगळी अडचण ‘इंजिन नाही’ या एका गोष्टीतून सुरू होते.

मोटारीची कुंडली मिळते, मग कॅराव्हॅनची का नाही?

मोटार रस्त्यावर आली की तिची सरकारदरबारी नोंद होते. नंबर मिळतो, मालकाचे नाव लागते, विक्री झाली की नाव बदलते. पन्नास वर्षांनीही निदान एक धागा हाती राहतो. ब्रिटनमध्ये ओढायच्या कॅराव्हॅनला अशी स्वतंत्र नोंदणी लागत नाही. तिच्या मागे जी नंबर प्लेट लावतात, ती ओढणाऱ्या मोटारीच्या नंबरची असते. मोटार बदलली की प्लेटही बदलते. त्यामुळे मोटारीच्या आरसी बुकासारखा सरकारी कागद कॅराव्हॅनला जन्मापासूनच नसतो.

भारतात कायद्याची रचना वेगळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. म्हणून आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही आरटीओची नोंदणी लागते.

ब्रिटनमध्ये ही उणीव भरून काढण्यासाठी कॅराव्हॅन उद्योगाने १९९२ मध्ये ‘क्रिस’ नावाची नोंदणी योजना सुरू केली. प्रत्येक नव्या कॅराव्हॅनला १७ अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक देऊन तो चॅसिसवर आणि खिडक्यांच्या काचांवर कोरला जाऊ लागला. चोरीची कॅराव्हॅन ओळखणे त्यामुळे सोपे झाले. पण १९९२ आधीच्या, म्हणजे ज्यांना ‘व्हिंटेज’ किंवा ‘क्लासिक’ म्हटले जाते त्या कॅराव्हॅनना कारखान्यातून हा क्रमांक मिळालेला नव्हता.

त्यात भर म्हणजे हा उद्योग विखुरलेला होता. मोटारी मोजक्या मोठ्या कारखान्यांत बनत. कॅराव्हॅन मात्र सुतारकाम जाणणारे चार लोक एखाद्या शेडमध्येही बनवू शकत. कित्येक कंपन्या काही वर्षांतच बंद पडल्या आणि त्यांच्या वह्या, नकाशे, विक्रीच्या नोंदी त्यांच्यासोबत गेल्या.

पहिली कॅराव्हॅन कुठली? तिचा इतिहास कसा टिकला?

केवळ हौसेच्या भटकंतीसाठी बनवून घेतलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून ‘द वाँडरर’चे नाव घेतले जाते. ब्रिटिश नौदलातील निवृत्त डॉक्टर आणि लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी ती ब्रिस्टलच्या एका रेल्वे डबे बनवणाऱ्या कारखान्याकडून तयार करून घेतली. वजन सुमारे दोन टन. ती ओढायला दोन घोडे. १८८५ मध्ये इंग्लंडमधील ट्वायफर्डहून ते स्कॉटलंडमधील इनव्हर्नेसपर्यंत गेले. सोबत गाडीवान, कुत्रा आणि काकाकुवा होता. एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघत असे. पुढच्याच वर्षी या प्रवासावर त्यांचे पुस्तक आले. ‘वाँडरर’ आजही जतन केलेली आहे. तिच्याबद्दल इतके तपशील मिळतात, कारण तिचा मालक लेखक होता.

याच्या उलट उदाहरण रोमानी म्हणजे जिप्सी समाजाच्या घोडागाड्यांचे. कोरीवकाम आणि रंगकाम केलेल्या या ‘वार्डो’ म्हणजे चाकांवरची राहती घरे. रेडिंग शहरातील डंटन कुटुंबासारखे कारागीर त्या बनवण्यासाठी प्रसिद्ध होते. अनेक रोमानी कुटुंबांत मालकाच्या मृत्यूनंतर त्याची गाडी सामानासकट जाळण्याची प्रथा होती. त्यामुळे जुन्या वार्डो कमी उरल्या. ज्या उरल्या, त्यांपैकी बहुतेकींचा पहिला मालक कोण हे कुठेही लिहिलेले नाही. हौशी डॉक्टरची गाडी पुस्तकात पोहोचली, पण ज्यांच्या घरांवरून त्याला ही कल्पना सुचली त्यांचा इतिहास बव्हंशी तोंडीच राहिला.

मोटारीने ओढायच्या कॅराव्हॅनचे व्यावसायिक उत्पादन बर्मिंगहॅमच्या ‘एकल्स’ कंपनीने १९१९ पासून सुरू केले. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागल्या आणि त्यांच्यासोबत कॅराव्हॅनही.

शोधाची सुरुवात कुठून करतात?

सुरुवात होते ती जमिनीवर आडवे होऊन. मोटारीला जोडण्यासाठी कॅराव्हॅनच्या पुढच्या बाजूला लोखंडी त्रिकोणी सांगाडा असतो. त्यावर किंवा दाराजवळ चॅसिस क्रमांक ठोकलेला असण्याची शक्यता सर्वाधिक. गंजाचा आणि रंगाचा थर हलक्या हाताने काढावा लागतो. ग्राइंडर लावला की गंजासोबत क्रमांकही जातो. कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली, तर पुसट झालेले आकडेही काही वेळा उमटतात.

इथे पहिला सापळा असतो. अनेक कॅराव्हॅन कंपन्या चॅसिस स्वतः बनवत नसत. ‘बी अँड बी’, ‘पीक’ किंवा जर्मनीची ‘आल्को’ अशा कंपन्यांकडून त्या तयार चॅसिस घेत. त्यामुळे सापडलेला क्रमांक कॅराव्हॅनचा नसून चॅसिस बनवणाऱ्याचा असू शकतो. मालट्रकचा सांगाडा एका कंपनीचा आणि त्यावरची बॉडी दुसऱ्या ठिकाणी बांधलेली असते, तसाच हा प्रकार.

दुसरा सापळा नावाचा. कॅराव्हॅनवर ‘एकल्स’ लिहिले आहे म्हणून ती बर्मिंगहॅमचीच असे नाही. ‘स्प्राइट’ या स्वस्त आणि लोकप्रिय कॅराव्हॅनचे जनक सॅम आल्पर यांनी १९६० मध्ये एकल्स विकत घेतली आणि हे नाव न्यूमार्केटला गेले. पुढे तो उद्योगसमूहही अडचणीत आला आणि नावांचे मालक पुन्हा बदलले. नाव एकच राहिले, कारखाना, कारागीर आणि बांधणी मात्र वेगवेगळी. म्हणून अनुभवी लोक आधी बांधणी पाहतात आणि नावाचा विचार नंतर करतात.

बांधणीवरून वय कसे कळते?

प्रत्येक काळाने कॅराव्हॅनच्या अंगावर आपली खूण सोडली आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या कॅराव्हॅनमध्ये लाकडी सांगाड्यावर प्लायवूड किंवा हार्डबोर्ड सापडते. छताच्या मधोमध उंचवटा आणि त्याला छोट्या खिडक्यांची रांग, हा तेव्हाचा लोकप्रिय नमुना. उजेड आणि हवा यावी म्हणून ही रचना जुन्या रेल्वे डब्यांवरून आली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा सर्रास दिसू लागतो. १९७० च्या दशकात काचेच्या खिडक्या जाऊन ॲक्रिलिकच्या आल्या. पुढे दोन पातळ थरांमध्ये थर्माकोलसारखा फोम चिकटवलेल्या भिंती आल्या.

आतही अशाच खुणा असतात. भिंतीवर गॅसबत्ती आहे की बारा व्होल्टची ट्यूब? स्क्रूच्या डोक्यावर एक सरळ खाच आहे की फुली? खाली पाट्यांच्या स्प्रिंग आहेत की रबरी सस्पेन्शन? मागे धुक्यातला लाल दिवा आहे का? ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९७९ पासून बनलेल्या ट्रेलरना तो सक्तीचा झाला.

यामागचे तर्कशास्त्र सोपे आहे. एखादी कॅराव्हॅन तिच्यातील सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. या वाक्यातला ‘मूळ’ हा शब्द कळीचा. समजा, विक्रेता सांगतो की कॅराव्हॅन १९५८ ची आहे. आत फुलीच्या स्क्रूने बसवलेले कपाट आणि ॲक्रिलिकची खिडकी आहे. मग प्रश्न पडतो, विक्रेता चुकतो आहे की हे भाग नंतर बसवले आहेत? उत्तर खिडकीच्या चौकटीत मिळते. चौकटीभोवती जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोके दिसली, तर खिडकी बदललेली आहे. कपाटामागे भिंतीचा जुना रंग तसाच सलग पुढे गेलेला असेल, तर कपाटही नंतरचे आहे. भोके नसतील आणि कपाटामागे रंगच नसेल, तर मात्र १९५८ चा दावा डळमळीत होतो.

टायरबाबत नवशिके हमखास फसतात. २००० नंतरच्या टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असते. पण टायर बदलले जातात. त्यामुळे ते कॅराव्हॅनचे वय सांगत नाहीत. मालकाने तिच्यावर शेवटचा खर्च साधारण कधी केला असेल, याचा अंदाज मात्र देतात.

नंबर नसणे हाच पुरावा कसा ठरतो?

कॅराव्हॅनला स्वतःचा नंबर नसतो आणि तिच्यावर मोटारीचा नंबर लागतो. वरवर पाहता ही अडचण आहे, पण जुना फोटो हाती आला की तीच मदतीला येते. फोटोत कॅराव्हॅनची मागची बाजू दिसत असेल, तर त्यावर तेव्हाच्या मालकाच्या मोटारीचा नंबर असतो. ब्रिटनच्या जुन्या नंबरांत परगण्याची अक्षरे असत. उदाहरणार्थ ‘केटी’ म्हणजे केंट. आपल्याकडे ‘एमएच १२’ म्हटले की पुणे कळते, तसेच. १९६३ पासून नंबराच्या शेवटी वर्षाचे अक्षर देण्यास सुरुवात झाली. म्हणजे एका धूसर फोटोतून मालकाची मोटार कुठल्या भागात नोंदली गेली आणि फोटो कोणत्या वर्षाच्या आधीचा असू शकत नाही, हे दोन्ही कळू शकते. हा माग मोटारीचा आहे, एवढे भान मात्र ठेवावे लागते. मोटार जुनी घेतलेलीही असू शकते.

अमेरिकेतील एअरस्ट्रीमच्या बाबतीत असाच एक मजेदार धागा आहे. कंपनीचे संस्थापक वॉली बायम यांच्या नावाने १९५५ मध्ये मालकांचा क्लब सुरू झाला. हे सभासद ताफ्याने प्रवास करत. १९५९-६० मध्ये ४१ ट्रेलरचा ताफा केपटाऊनहून कैरोपर्यंत गेला होता. प्रत्येक सभासदाला क्रमांक मिळे आणि तो मोठ्या लाल आकड्यांत ट्रेलरवर चिकटवला जाई. आकडे काढून टाकल्यावरही ॲल्युमिनियमवर त्यांची पुसट छाया राहते. तिरक्या उजेडात ती वाचता येते आणि क्लबच्या जुन्या सभासद यादीत तो क्रमांक शोधला की नाव सापडते. अर्थात क्रमांक ट्रेलरचा नसून सभासदाचा. त्याने नवा ट्रेलर घेतला, तर क्रमांकही त्यासोबत जाई. म्हणून यादी नेमक्या त्याच वर्षाची हवी.

कागद कुठे मिळतात?

कॅराव्हॅनचा स्वतःचा कागद नसला, तरी तिच्याभोवती कागद पुष्कळ असतात. कंपन्यांची माहितीपत्रके, कॅराव्हॅन मासिकांतील चाचणी अहवाल आणि जाहिराती, क्लबांची वार्षिके, मेळाव्यांत मिळणारे धातूचे बिल्ले. ब्रिटनमधील कॅराव्हॅन क्लब १९०७ साली स्थापन झाला. त्याचा ऐतिहासिक संग्रह आता ब्यूली येथील राष्ट्रीय मोटार संग्रहालयात आहे. माहितीपत्रकातील आतला आराखडा आणि प्रत्यक्ष कॅराव्हॅन शेजारी ठेवून पाहिली, की मॉडेल आणि वर्ष बरेच जवळ येते. कारण कंपन्या अनेकदा दर वर्षी बाहेरचा आकार तोच ठेवून पलंगाची जागा, खिडक्यांची संख्या किंवा पडद्यांचे कापड बदलत.

बिल्ले तर प्रवासाचा नकाशाच असतात. खिडकीवर चिकटवलेले आणि दाराजवळ ठोकलेले बिल्ले कॅराव्हॅन कुठल्या वर्षी कुठल्या मेळाव्याला होती ते सांगतात. गादीखाली, कपाटाच्या मागे, फळीच्या फटीत अडकलेली पावती, बसचे तिकीट किंवा भिंत भरण्यासाठी वापरलेले वर्तमानपत्र यांतूनही तारखा मिळतात. आणि शेवटचा मार्ग म्हणजे शेजारीपाजारी. कॅराव्हॅन जिथे वीस वर्षे उभी होती, तिथल्या वयस्कर माणसाला ती कोणी आणून लावली हे बहुधा आठवत असते. हा पुरावा सर्वांत लवकर नाहीसा होतो. म्हणून त्याच्याकडे सर्वांत आधी जावे लागते.

डागडुजीचा प्रश्न इतका नाजूक का?

जुनी कॅराव्हॅन घेणाऱ्याचा पहिला उत्साह असतो तो आतले सगळे काढून नवे करण्याचा. पाणी झिरपून लाकूड कुजलेले असते, पडद्यांना वास येत असतो, त्यामुळे हा उत्साह समजण्यासारखा आहे. पण मोटारीचे आतले सगळे बदलले तरी नोंदणीचा कागद शिल्लक राहतो. कॅराव्हॅनच्या बाबतीत कुजलेली फळी, ओरखडे पडलेला पत्रा आणि बुजवलेले भोक हाच तिचा कागद. तो भंगारात गेला की परत मिळत नाही.

सुरक्षिततेशी मात्र तडजोड चालत नाही. जुनी गॅसची नळी, गंजलेला जोडणीचा हूक, कमकुवत ब्रेक बदललेच पाहिजेत. जुन्या गाड्यांत उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉस वापरलेले असू शकते. ते तपासल्याशिवाय घासू-कापू नये. मग मधला मार्ग कोणता? काही काढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, कोपऱ्याचे आणि जोडाचे फोटो घ्यायचे. काढलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी लावायची. मूळ रंगाचा आणि कापडाचा एक तुकडा तरी ठेवायचा. जे बदलले त्याची तारखेसह वही ठेवायची. पुढच्या मालकासाठी ती वहीच आरसी बुकाचे काम करते.

यात पैशाचाही प्रश्न आहे. इतिहास सिद्ध झालेली कॅराव्हॅन आणि ‘जुनी असावी’ म्हणून विकली जाणारी कॅराव्हॅन यांच्या किमतीत फरक पडतो. त्यामुळे वय वाढवून सांगण्याचा मोह असतो. नोंदणीच नसल्याने विक्रेत्याची मालकी तपासणेही खरेदीदारावर येते. जुनी विक्री पावती, विम्याचे कागद, कॅराव्हॅनसोबतचे जुने फोटो हे तिथे उपयोगी पडतात.

भारतात याचे महत्त्व काय?

ओढायच्या कॅराव्हॅनची परंपरा आपल्याकडे रुजली नाही. जुन्या वाहनांसाठी केंद्राने २०२१ मध्ये नियम केले आणि ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मालिका दिली. ते नियम दुचाकी आणि चारचाकी वाहनांपुरते आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आज आपल्याकडे ज्या कॅराव्हॅन धावतात, त्या प्रामुख्याने व्हॅन किंवा बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या आहेत. त्यांना आरटीओची नोंदणी आहे. त्या कागदावर इंजिन आणि चॅसिसचा क्रमांक असतो, पण आतले घर कोणत्या कारागिराने, कोणत्या आराखड्याने बांधले हे त्यावरून कळत नाही.

ही माहिती आज फोनमधल्या फोटोंत आणि वर्कशॉपच्या बिलांत आहे. फोन बदलतात, वर्कशॉप बंद होतात. कॅराव्हॅन बांधून घेणाऱ्याने मूळ आराखड्याची एक छापील प्रत, वायरिंग आणि गॅसजोडणीचा नकाशा आणि बिलांची झेरॉक्स गाडीतच एका पाकिटात ठेवली, तर खर्च शंभर-दोनशे रुपयांचा. पन्नास वर्षांनी ती गाडी ज्याच्या हाती लागेल, त्याला मग खिडकीच्या चौकटीतली भोके मोजत बसावे लागणार नाही.